दोनशे चौदावी चौकट

भिंत.

आमच्या कंपनीत आठ हजार माणसं दूध गोळा करतात, तापवतात, वाळवतात, जहाजावर चढवतात. त्यांच्यामागे दोनशे चौदा संगणक-प्रणाल्या आहेत. कोणती कोणाशी बोलते, याचा नकाशा काढणं हे माझं काम. हॅमिल्टनच्या ऑफिसातली तिसऱ्या मजल्यावरची अख्खी भिंत त्याने भरली आहे. प्रत्येक प्रणालीची एक चौकट, खाली मालकाचं नाव, आणि चौकटींमधून रेघा, रेघा, रेघा.

सहा वर्षं झाली, तरी सकाळी दिवा लावला की मी क्षणभर दारातच थांबते. ही कंपनी कुणी आखलेली नाही. ती साचत गेली आहे. कुठल्या तरी फार्मवर गाय पान्हा सोडते आणि त्याने अकरा रेघांपलीकडे बंदरातली क्रेन हलते.

चौकट क्र.: २१४
नाव: विन्नी
काम: माहीत नाही
मालक:

फर्गस. माझा वरिष्ठ. हातात कागद.

"मेरेआना, कोळिष्टकं फारच वाढलीत तुझ्या भिंतीवर. शुक्रवारी विन्नी बंद करतोय. सही कर."

कागदावर एकच ओळ होती : ही प्रणाली बंद करायला आर्किटेक्टची हरकत नाही. आर्किटेक्ट म्हणजे मी, नकाशावाली.

"पण ती करते काय?"

"पश्चिमेकडच्या सहा फार्मचे टँकर अडवून धरते. रोज दोनदा. वाट्टेल त्या वेळी. एकतीस वर्षांची झाली, म्हातारचळ लागलाय तिला. नवी प्रणाली कुणाला अडवत नाही."

"आणि सही नाही केली तर?"

"तर अख्खं काम तीन महिने मागे. बोर्डासमोर तू उभं राहायचंस. मी त्या दिवशी आजारी."

विन्नीने टँकर रोज सकाळी किती वाजता अडवले, ते मी छापून काढलं आणि पट्टी भिंतीवर चिकटवली.

सोम ६:१०
मंगळ ७:००
बुध ७:५१
गुरु ८:४०

कँटीनचा सिओने माझ्यासाठी मिन्स पाय, खिम्याचं गरम पॅटिस, घेऊन आला. तो टोंगाचा, सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारा. पट्टीकडे बघून हसला.

"सिस, मासे धरायला लागलीस की काय?"

"का?"

"ही भरती आहे ना? रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे. अशी पट्टी माझ्या फ्रिजवर असते."

मी पट्टीकडे बघितलं. मग भिंतीकडे. दोनशे चौदा चौकटी, आणि त्यांतल्या एकीच्या आत गुपचूप चंद्र फिरत होता. हातातलं पॅटिस गार झालं.

रस्ता. दीड तास. ही प्रणाली जिने लिहिली ती विन्नी पाकी काव्हियाच्या खाडीकाठी राहते; पत्ता जुन्या नोंदींत सापडला. ती निवृत्त झाली तेव्हा मी शाळेत होते. प्रणालीला तिचं नाव कुणी दिलं, ते तिलाही माहीत नाही.

"आंटी, मी कंपनीतून आले."

"आलीस का!" जसं काही मी काल येणार होते. "चहा नंतर. आधी चल, पाणी चढतंय."

खाडीवरच्या बुटक्या रस्त्याशी उभ्या राहिलो. पाणी आलं असं दिसलंच नाही. रस्ता मात्र कमी होत गेला. आधी पांढरा पट्टा, मग कडेचे खुंट, मग काहीच नाही. पलीकडच्या काठावर एक टँकर उभा होता. ड्रायव्हर पायरीवर बसून सँडविच खात होता.

"त्याला भरतीची वेळ माहीत असते?"

"जुन्यांना माहीत होतं. हा ऑकलंडचा पोरगा. यंत्र निघ म्हणालं की निघतो." तिने पाण्याकडे हनुवटी केली. "अठ्ठावीस टन दूध आणि तो, सगळं पाण्यात गेलं असतं. म्हणून यंत्राला थांबायला शिकवलं."

"रोजची वेळ यंत्राला कळते कशी?"

"बंदर खात्याकडून पुढच्या भरत्यांचे आकडे आणले आणि हाताने भरले. दोन हिवाळे गेले."

"किती वर्षांचे?"

"एकतीस. या डिसेंबरला संपतात."

मी बोटांवर महिने मोजले.

"आंटी, कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तिघांना. तिघेही नोकरी सोडून गेले." ती खांदे उडवून म्हणाली, "म्हटलं, एकतीस वर्षांत कुणीतरी विचारायला येईलच."

फोन. फर्गस.

"सही?"

"हरकत आहे."

"मेरेआना, तीन महिने!"

"इकडे ये. रस्ता दाखवते."

"कुठला रस्ता?"

"आत्ता नाहीये तो."

मी भरती, टँकर, डिसेंबर, सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "बोर्डासमोर काय बोलायचं ते लिहून काढ. मी येतो बरोबर."

पाणी उतरलं. खुंट आले, पट्टा आला. पलीकडे यंत्राने निघ म्हटलं असावं. टँकर ओल्या रस्त्यावरून आमच्याकडे आला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"आंटी, आज रस्ता चार मिनिटं उशिरा सुकला!"

"वाऱ्याला जाऊन विचार, मला काय विचारतोस!"

मी गाडीच्या टपावर चौकटीचा कागद ठेवून भरला.

चौकट क्र.: २१४
नाव: विन्नी
काम: समुद्राला वाट देणे
मालक: मेरेआना तुहोरो

"आंटी, एक जानेवारीची भरती कितीला?"

"घरी चल," ती म्हणाली. "वही मोठी आहे ना तुझ्याकडे?"