बिनताऱ्याची वाट

मी एक पुस्तिका बोलतेय. गोष्टींची नाही, पाककृतींचीही नाही. खडक कुठून आणि कसा चढायचा ते सांगणारी. गावाबाहेरच्या कड्यावर चढाईच्या त्रेसष्ट वाटा आहेत आणि त्या सगळ्या माझ्या पोटात आहेत. पाठीला चिकटपट्टी लागली, कोपरे दुमडले, पण बोलायची खोड काही गेली नाही.

मला लिहिलं चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकांनी. सगळे त्यांना सर म्हणतात. एक सोडून बाकी साऱ्या वाटा त्यांनी स्वतः चढून पाहिल्या आणि तारे दिले. एक तारा म्हणजे चांगली, दोन म्हणजे फारच छान, तीन म्हणजे घरचं लग्न चुकलं तरी चालेल पण ही चढाच. तारा नाही म्हणजे वाट वाईट असं नव्हे, हे पहिल्याच पानावर छापलंय. पण पहिलं पान वाचतो कोण? माणसं तारे मोजतात आणि पान उलटतात. तीन ताऱ्यांखाली सकाळपासून रांग, शेजारी चिटपाखरू नाही.

सत्तेचाळिसाव्या पानावरची बिनताऱ्याची वाट सरांच्या मुलीनं शोधलेली. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी दोराला लटकून तिनं तो खडक ब्रशनं घासला आणि सगळ्यात आधी तीच चढली. सर मात्र त्या वाटेला गेलेच नाहीत. "लोक म्हणतील, आपला तो बाब्या," असं म्हणून त्यांनी तिच्यापुढची जागा कोरी ठेवली.

 कड्याच्या पायथ्याशी मुलीचं दोर आणि बूट भाड्यानं देण्याचं दुकान आहे. तिथंच माझी नेमणूक झाली. गिऱ्हाईक मला चाळायचं आणि विचारायचं, "ताई, ही सत्तेचाळीसवरची कशी आहे हो?"

"पुस्तकात आहे तशी," ती म्हणायची आणि बुटांच्या नाड्या ओवायला लागायची.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती कोरी जागा माझ्याच अंगावर होती ना.

वाटेवर हळूहळू गवत माजलं. मग एके दिवशी रांगेला कंटाळलेली एक नर्स तिकडे वळली. परत आली ती कोपर खरचटून, पण हसत. मुलगी गोदामात होती. बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि माझ्या समासात एक तारा काढला. जरा विचार करून दुसराही काढला. मला नुसत्या गुदगुल्या. तिचं बघून दुसरे गेले, त्यांचं बघून तिसरे, आणि मी छापले गेले त्याला सहा वर्षं होईतो माझा समास भरून गेला.

नवी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा सर दुरुस्त्या बघायला दुकानात आले. सत्तेचाळीसवर थांबले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे तू काढलेस?"

"बाबा, तुमच्या हाताखाली शिकलेय मी. इतके वाकडे तारे काढले असते तर हातावर पट्टी बसली असती."

सरांनी ते एकेक निरखले. खरंच, एकाचा हात दुसऱ्यासारखा नव्हता.

"दोर काढ," ते म्हणाले.

अडुसष्टाव्या वर्षी सर त्या वाटेवर चढले. दोर खाली मुलीच्या हातात, आणि मी शेजारच्या दगडावर उघडी. मध्यावर ते अडकले.

"इथं हात कुठं ठेवायचा गं?"

"शोधा. पुस्तकात लिहिलेलं नाही."

पाऊण तासानं ते खाली उतरले ते धापा टाकत, धुळीनं माखून. पेन्सिल मागितली. मुलगी उगाचच दोर गुंडाळत बसली, माझ्याकडे बघेना.

"खालचे दहा फूट भुसभुशीत आहेत," सर म्हणाले. "तीन नाही देता येणार." आणि त्यांनी दोन तारे काढले, अगदी रेखीव.

"तीन दिले असते तर एक मीच खोडला असता," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"तुला काहीच न देऊन मी स्वतःला फार प्रामाणिक समजत होतो. चुकलं माझं."

नवी आवृत्ती आली, गुळगुळीत कागदाची. त्या वाटेखाली आता रांग असते आणि तिच्या मालकिणीचाच नंबर लागत नाही. मी भाड्यानं जात नाही. दुकानाच्या खणात आराम करते. एवढंच सांगायचं होतं, की परक्यांना तुम्ही मोकळ्या हातानं तारे देता. घरच्या माणसाचं कामही एकदा स्वतः जाऊन बघा आणि खरं असेल तेवढं तोंडावर सांगा. सहा वर्षं फार होतात.