शिडीच्या पायाखालचं पोतं

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. शिक्षणाचं म्हणाल, तर शाळेच्या भिंतींना टेकले तेवढंच. पण मित्रांनो, मला घडवणाऱ्या सुताराने माझी एकही पायरी नुसत्या खिळ्यांच्या भरवशावर ठेवली नाही; दांड्यांना भोकं पाडून ठोकून बसवली. तेव्हापासून मी एका रंगाऱ्याच्या घरी नांदले. नांदले म्हणजे राबले!

रंगारी मला मान द्यायचा. फरशी गुळगुळीत असली की आधी माझ्या पायांखाली ओलं पोतं घालायचा, मग पायाने हलकेच ढकलून म्हणायचा, "म्हातारे, हलायचं नाही." मी हलत नसे. त्याची लेक टिल्ली माझ्या खालच्या पायरीवर बसून पाढे म्हणायची. माझ्या पायऱ्या मोजतच ती आकडे शिकली. आता ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते.

मागच्या सुट्टीत एका दवाखान्याचं छत रंगवायचं होतं. टिल्ली मदतीला आली. बाप पोतं भिजवायला निघाला, तशी ती मोबाइल नाचवत म्हणाली, "बाबा, राहू द्या ते पोतं! हा ऑनलाइन कॅल्क्युलेटर बघा. शिडीची लांबी, तुमचं वजन आणि तिरकेपणा टाकला की घसरणार की नाही ते सांगतो."

"त्याला आपली म्हातारी ठाऊक आहे का?"

"त्याला जगातल्या सगळ्या म्हाताऱ्या ठाऊक आहेत. हे बघा, नाही घसरणार!"

"बरं बाई. शिकवलंय तुला, तर ऐकायलाही हवं."

तो चढला. फरशी नुकतीच साबणाने पुसलेली होती. माझे पाय सुटले. मी जिवाच्या आकांताने धरू पाहिलं, पण धरायला खाली होतं काय? रंगारी खाली, त्याच्यावर रंगाचा डबा आणि सगळ्यांच्या वर मी. त्याचं मनगट मोडलं.

"शिडीच सडलीय," टिल्ली म्हणाली. ज्या तोंडाने माझ्यावर बसून पाढे म्हटले, त्याच तोंडाने! घरी तिच्या आईने री ओढली, "म्हातारीने घात केला." आणि ज्याच्यासाठी जन्मभर झिजले, त्या रंगाऱ्याने नुसती मान डोलावली. ती मान मला आजही टोचते.

मला परसात टाकलं. कोरडंच राहिलेलं पोतंही माझ्यावरच फेकलं. दुसऱ्या दिवशी टिल्ली माझ्याजवळ येऊन बसली आणि मोबाइलमध्ये तेच गणित उघडून पुटपुटली, "घर्षणाचा आकडा मी भरलाच नाही... आधीच भरलेला होता. खडबडीत सिमेंटचा!" मला वाटलं, आता उठेल, बापाला सांगेल. तिने माझ्या पायरीवर हात ठेवला.

"कुणाला सांगू नकोस हं," म्हणाली आणि गेली.

मित्रांनो, त्या कॅल्क्युलेटरवर माझा राग नाही. बापड्याला जे दिलं, त्याचंच उत्तर त्याने दिलं. वाकून फरशीवर फिरवायला त्याला हात कुठे आहे? हात टिल्लीला होता.

रंगाऱ्याचं मनगट आता जुळलं आहे. घरात चकचकीत नवी शिडी आली आहे. उद्या तो पुन्हा चढणार. पोतं मात्र इथेच माझ्यावर पडून आहे. दोष सगळा माझा ठरला ना, मग पोत्याची आठवण कुणाला येणार?

तुम्हाला टिल्ली भेटली, तर एवढं सांगा. माझ्यावरचा आळ राहिला तर राहू दे. पण पोरी, उद्या सकाळच्या आत हे पोतं घेऊन जा.