दुसरा झरोका

कय्युम मिस्त्रीनं पटाशी घालून खोलीच्या लाकडी छताची, तक्तपोशीची, पहिली फळी उचकटली, आणि भट्टीचं दार उघडावं तशी वरची हवा अंगावर आली. वच्छलाबाईनं पदर नाकाला लावला. ओसरीवर तिची लेक शिवकन्या भिंतीला टेकून बसली होती. दिवस भरलेले, ओठ सुकलेले. काल दुपारी याच खोलीत तिला भोवळ आली, तेव्हापासून वच्छलाबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. पोर बाळंतपणाला माहेरी आली आणि आपण तिला तापल्या तव्यावर निजवलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तालुकदारसाहेबाच्या बंगल्यासारखं उतरतं छप्पर हवं, म्हणून वच्छलाबाईच्या सासऱ्यानं मातीचं धाबं मोडून जालन्याहून पत्रे आणले होते. पुढं भावाभावांत घर वाटलं गेलं, मधे भिंत आली. पण ती तक्तपोशीपर्यंतच. वरचं छप्पर एकच राहिलं. पलीकडं थोरली जाऊ केशरबाई राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. वाटणीपासून दोघींत शब्द नव्हता.

शिडीवरून कय्युम म्हणाला,

"बाई, फळ्यांवर पांढऱ्या मातीत भुसा कालवून चार बोटं थर देतो. पर नुसत्या मातीनं भागायचं न्हाई. पत्र्याखालची गरम हवा भाईर जायाला दोन्ही टोकांला झरोके पायजेत. एक तुमच्या भिंतीत काढतो. दुसरा..."

त्यानं पलीकडं बोट केलं.

"एकच काढ. मोठा काढ."

"एका तोंडानं वारा खेळतो व्हय, बाई?"

वच्छलाबाई अंगणात गेली, परत आली. लेकीला पाणी दिलं. घासलेला तांब्या पुन्हा घासला. मग तो तसाच टाकून, गल्लीतून वळसा घालून, ती केशरबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

केशरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"अक्का, तुमच्या भिंतीत झरोका काढायचाय. पोरीला उकाडा सोसंना."

"ठावं हाय. लई कण्हती रातीची." केशरबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "डाव्या कुशीवर निजव तिला."

वच्छलाबाई चमकली. भिंतीवरून सगळंच इकडं येत होतं तर. या बाईबद्दल आपण घरात काय काय बोललो, ते आठवून तिची मान खाली गेली.

"काढा झरोका," केशरबाई म्हणाली. भाकरी उलटायची राहूनच गेली. "पर माती लई जाड देऊ नगा."

"कावून?"

"लेकरू रडलेलं मला ऐकू कसं येईल मंग?"

करपल्याचा वास आला. दोघींपैकी कुणी हललं नाही. तेवढ्यात पलीकडून कय्युमची हाक आली, समोर उभा असल्यासारखी स्वच्छ.

"ओ बाई! माती कालवू का? किती जाड देऊ?"

वच्छलाबाईनं आढ्याकडं तोंड केलं.

"म्हणलास तशी, चार बोटं. जाडच दे."

केशरबाईची नजर चुलीत गेली.

"बाळंतिणीपाशी जाणतं माणूस लागतं, अक्का," वच्छलाबाई हळू म्हणाली. "तुमी हितं बसून कावून ऐकायचं?"

 केशरबाईनं करपलेली भाकरी खाली काढली, उरलेलं पीठ झाकलं, आणि चुलीतली लाकडं एकेक करून मागं ओढली.