फुलाबाईंनी सोडलेली माळ

मित्रांनो, जोयड्याच्या लाकूड कंपनीच्या गोदामात ताडपत्रीखाली कपाटाएवढं धूड दिसतं ना, ते म्हणजे मी, एक जुना संगणक. हसू नका, मीही कधी नवा होतो!

डिझेलचं जनित्र घरघरू लागलं की मला गोड गुंगी येई. माझ्या पोटात आकडे ठेवायचे कप्पे थोडेच. आलेल्या कामाला मी ते उसने देई. काम संपलं की चालवणारे यशवंतराव खटका ओढत आणि सगळे कप्पे रिकामे होत. तेव्हा आत रानातलं धुकं उतरल्यासारखं वाटे. फार सुखाचे दिवस होते ते.

पासष्ट सालच्या खंडेनवमीला यशवंतराव हजेरीचं काम संपवून उठतात न उठतात, तोच झाडलोट करणाऱ्या फुलाबाईंनी माझी पूजा केली आणि झेंडूची माळ नेमकी त्या खटक्याला बांधली. पूजेची माळ आपोआप गळेपर्यंत काढायची नाही, असं यशवंतराव मानत. माझे कप्पे भरलेलेच राहिले.

दसरा झाला आणि कुळगीच्या कामगार तळावरून निरोप आला, ओढ्याच्या पाण्यात तांदूळ वाहून गेला. कुठल्या तळाला किती तांदूळ द्यायचा ते मी छापून देई. त्याशिवाय कोठीतून पोतं हलत नसे. यशवंतरावांनी घाईनं काम घातलं, पण त्याला द्यायला माझ्याकडे एकही कप्पा नव्हता. मी थांबलो. दारात जीप उभी होती. मला ओरडावंसं वाटलं, पण यंत्राला तोंड कुठलं?

"खटका वडला की झालं," यशवंतराव म्हणाले, "पर माळ तुटंल की वो, फुलाक्का."

फुलाबाईंची लेक केशर दोन लहानग्यांसह कुळगीलाच होती.

"मीच बांधली, मीच सोडते. पोरांची भूक देवाला कळत न्हाई व्हय?"

माळ सुटली, खटका ओढला गेला आणि जीप तांदूळ घेऊन गेली. पोरं जेवली, हे दुसऱ्या दिवशी माझ्यावरची धूळ पुसताना फुलाबाईंनीच सांगितलं.

आता सदुसष्ट साल आहे. माझी कामं बेळगावच्या नव्या संगणकाकडे गेली. मी या कोपऱ्यात पेंगतो. माझ्यामुळे गोदामात जागा नाही म्हणून तांदळाची पोती पडवीत भिजतात. मला हलवायला कुणी आलं की फुलाबाई आडव्या येतात. "ऱ्हाऊ द्या वो, म्हातारं हाय."

मित्रांनो, त्यांची माया मला कळते. पण काम संपलेल्यानं जागा सोडायची असते. त्यांना एवढं समजावून सांगा, मला भंगारात देऊन इथं तांदूळ ठेवा.