दोन बोटं जास्त

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डानं मंगळवारी सकाळी सव्वादहाला मान टाकली. आधी त्याचा पंखा किंचाळला, मग पडद्यावर हिरवे चौकोन उमटले आणि मग सगळंच काळं झालं. हे खुर्चीत तसेच बसून राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ते स्टिअरिंग गेमचं होतं, टेबलाच्या कडेला घट्ट आवळून बसवलेलं.

"चौतीस प्रवासी होते गं बसमध्ये," हे म्हणाले.

"उतरतील आपापले," मी शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाले.

हे म्हणजे माझे यजमान. एकतीस वर्षं यांनी शहराची बस चालवली आणि आता घरात बसून कॉम्प्युटरवर बस चालवतात. मी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. उद्या मी शिवणकामाचा गेम घेऊन बसले, तर लोक मला वेड्यात काढतील. पण यांना कोण बोलणार? गेममध्येसुद्धा प्रत्येक थांब्यावर थांबणार. कोणी चढो न चढो, दार उघडणार. म्हातारी माणसं बसेपर्यंत बस हलवणार नाहीत आणि वळण आलं की मोठ्यानं म्हणणार, "धरून उभे राहा." कोणाला सांगतात? पडद्यातल्या बाहुल्यांना.

मी चिडवते खरी, पण त्या दहा ते बाराच्या दोन तासांवर आमचं घर उभं होतं. दीड वर्षापूर्वी यांच्या पोटातली गाठ काढली. ऑपरेशन चांगलं झालं, पण माणूस निम्मा होऊन घरी आला. अवजड वाहनाचं लायसन्स परत द्यावं लागलं. त्या दिवशी हे परिवहन कार्यालयातून आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले, ते तीन आठवडे तसेच. शेवटी आमच्या लेकीनं तिचा जुना कॉम्प्युटर आणि हा गेम पाठवून दिला. तेव्हा कुठे हे उठून बसले, दाढी केली, आणि गेम सुरू करायच्या आधी चक्क गणवेशाचा शर्ट घातला. म्हणून कार्ड मेलं तेव्हा मी वरवर कितीही हसले, तरी मनातून घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्ड आणायला गेलो. दुकान चिंचोळं होतं, भिंतभर खोके, काउंटरवर तारांचा गुंता. मालकीण चाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलता बोलता हातातला स्क्रू-ड्रायव्हर फिरवायची सवय. तिनं यांचं सगळं ऐकून घेतलं आणि दोन खोकी समोर ठेवली.

"काका, किंमत दोन्हीची सारखीच आहे. हे पहिलं जुन्या पिढीचं, पण दणकट. तुमचा आत्ताचा गेम यावर जोरात पळेल. दुसरं नव्या पिढीचं. आत्ताच्या गेममध्ये हे पहिल्यापेक्षा थोडं मागेच पडेल, खोटं कशाला सांगू?"

"मग ते कोण घेणार?" मी विचारलं.

"पुढचा विचार करणारे घेतात, काकू." तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "आत्ताच्या गेममधला उजेड रंगवलेला असतो. म्हणजे दिवा कुठे आहे, सावली कुठे पडेल, हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून चित्रात घालून ठेवलेलं. नव्या गेममध्ये प्रत्येक किरणाचा माग जागच्या जागी काढला जातो. त्याला रे ट्रेसिंग म्हणतात. त्यासाठी कार्डात वेगळी यंत्रणा लागते आणि मेमरीही जास्त लागते. ती पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे. शिवाय दुसरं कार्ड लहान चित्र घेऊन मधलं मधलं स्वतः भरतं, म्हणजे थकत नाही. तुमच्याच बसच्या गेमचा पुढचा भाग दीड वर्षानं येतोय ना, तो पहिल्या कार्डावर सुरूच होणार नाही. कंपनीनं आधीच सांगून टाकलंय."

मी यांच्याकडे पाहिलं. या नव्या भागाबद्दल हे मला मागे खूप काही सांगायचे. त्यात ओल्या रस्त्यावर बसचे दिवे खरे दिसणार होते. पहाटेच्या पहिल्या फेरीला रस्ता ओला असेल, तर पुढच्या गाडीचा लाल दिवा आधी डांबरावर दिसतो आणि मग गाडी दिसते, हे यांनीच मला सांगितलेलं. एकतीस वर्षांत एकही अपघात झाला नाही, ते त्या डांबरातल्या दिव्यांमुळे, असं यांचं म्हणणं.

"पहिलं द्या," हे म्हणाले.

"अहो, पण तो नवा भाग?"

"दोन वर्षं पुरलं तरी खूप झालं. त्यापुढचं घेऊन मी काय करू?"

अगदी सहज म्हणाले, सुट्टे पैसे मागावेत तसं. मालकीण खाली बघून तारा सोडवायला लागली. "उद्या येतो," एवढंच म्हणून मी यांना बाहेर काढलं.

घरी आल्यावर मला पँटची आठवण झाली. महिन्यापूर्वी यांनी आपल्या चार पँटी माझ्यासमोर टाकल्या होत्या. कमरेला चार-चार इंच सैल झालेल्या. "आत घे आणि जादा कापड कापून टाक, टोचतं," म्हणाले होते. आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. शाळेच्या गणवेशात तर मी हमखास ठेवते. पोरं वाढतात, वर्षभरात उसवून मोठं करून देता येतं. कापून टाका, असं आजवर मला एकाच गिऱ्हाईकानं सांगितलं, आणि ते माझ्याच घरात राहतं. तेव्हा मला वाटलं, खरंच टोचत असेल. आता त्या "टोचतं"चा अर्थ लागला आणि डोक्यात तिडीक गेली. हा माणूस मला न विचारता सगळं आवरायला निघाला होता. पँटी आवरून झाल्या, आता कार्ड. डॉक्टरांच्या तीन तपासण्या स्वच्छ आल्या होत्या, त्या यानं कुठे टाकल्या?

मी भांडले नाही. मी रागावले की भांडत नाही, कामाला लागते. दुपारी हे झोपल्यावर कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं, गळ्यातली टेप घेतली आणि आतली जागा मोजली. लांबी, उंची, झाकणापर्यंतची खोली. तीनदा मोजलं आणि खडूनं हातावर लिहून घेतलं. मग पायात चपला सरकवल्या आणि दुकान गाठलं.

मालकिणीनं माझा हात बघितला आणि हसली. "काकू, लोक मोबाइलवर फोटो आणतात."

"फोटोला इंच नसतात," मी म्हणाले. "ते दुसरं काढा."

तिनं कार्ड बाहेर काढलं, मी टेप लावली. लांबीला बसत होतं, उंचीला बसत होतं, खोलीला तर अगदी दोऱ्याएवढं अंतर राहत होतं. मापात बसलेलं कापड पाहिल्यावर होतो तसा आनंद झाला. घरचा वीजपुरवठ्याचा डबा या कार्डाला पुरेल ना, हे मालकिणीनं माझ्याकडून लेकीला फोन करवून विचारून घेतलं. पुरणार होता.

"काका ओरडतील का?" तिनं खोकं पिशवीत घालताना विचारलं.

"ओरडले तर बरंच होईल," मी म्हणाले. "बऱ्याच दिवसांत ओरडले नाहीत."

ओरडले. खोकं बघताच यांचा चेहरा लाल झाला. "मी काय सांगितलं होतं? मला हे नको होतं!"

"का नको?"

"आत्ता जे चांगलं चालतं ते सोडून, पुढे कधीतरी लागेल म्हणून घ्यायचं? कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. अजून कोण चालवतं या घरात बस?"

"डॉक्टर काय म्हणाले, ते तूही ऐकलंस."

"हो, ऐकलं. डॉक्टर म्हणाले, सगळं स्वच्छ आहे, सहा महिन्यांनी या. मी 'या' ऐकलं. तुम्ही काय ऐकलंत?"

हे हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, परत होऊ शकतं."

"तेही म्हणाले," मी म्हणाले. माझा आवाज फुटला, पण मी तो थांबवला नाही. "मलाही भीती वाटते. तुमच्याइतकीच वाटते. पण तुम्ही दोन वर्षांचं माप ठरवून टाकलंत आणि मला सांगितलंसुद्धा नाही. मी इथे समोर बसून शिवते. मला निदान विचारायचं तरी."

हे उठले, डबा टेबलावर आडवा ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले. मी कात्रीनं खोक्याची पट्टी कापून दिली. मेलेलं कार्ड निघालं, नवं खट्कन खाचेत बसलं. लांबी बरोबर, उंची बरोबर. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. यांनी वीजपुरवठ्याची जाड तार कार्डाच्या वरच्या कडेला खोचली आणि झाकण लावायला घेतलं.

झाकण लागेना.

हे दाबतात, सरकवतात, पुन्हा दाबतात. कार्ड मावलं होतं, पण तारेचं टोक कडेतून बाहेर येऊन वळत होतं आणि त्या वळणाला जागाच नव्हती. दोन बोटं तरी हवी होती. मी मोजलेली सगळी मापं उघड्या कार्डाची होती. तारेचा मी विचारच केला नव्हता.

हे माझ्याकडे बघायला लागले. आधी ओठ हलले, मग खांदे. मग हे खुर्चीत बसले आणि पोट धरून हसायला लागले, टाक्यांच्या जागी हात दाबून.

"एवढ्या वर्षांत," यांना धड बोलताही येईना, "गावातल्या पोराटोरांच्या शर्टांत माया ठेवलीस, आणि नवऱ्याच्या डब्यात सूतभर नाही?"

"हसा, हसा," मी म्हणाले. माझे कान तापले होते. "परत करते हे कार्ड."

"खबरदार हात लावलास तर," हे म्हणाले आणि डोळे पुसले.

झाकण त्या दिवसापासून माळ्यावर गेलं. त्या जागी मी जाळीच्या कापडाचा पडदा शिवला, चारही कडांना इलॅस्टिक घालून. हवा जाते, धूळ जात नाही. मालकिणीनं त्याचा फोटो काढून दुकानात लावला आहे आणि आता तिची गिऱ्हाइकं माझ्याकडे मापं घेऊन येतात.

मध्ये तीन तपासण्या झाल्या. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी हे गप्प असतात आणि मी भाजीत मीठ दोनदा घालते. तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी या. जुन्या गेममध्ये कार्ड खरंच जरा मागे पडत होतं, आणि ते हे मला रोज ऐकवायचे. मीही रोज ऐकून घ्यायचे, कारण कुरकुरणारा माणूस मला भिंतीकडे तोंड करून झोपलेल्यापेक्षा हजारदा चालतो.

नवा भाग गेल्या आठवड्यात आला. यांनी शर्टाची बटणं लावली, मला हाक मारली आणि पहाटेची फेरी सुरू केली. रस्ता ओला होता. बस वळली आणि डांबरावर एक लाल ठिपका उमटला, लांबट, थरथरणारा. गाडी अजून दिसतच नव्हती. यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"दिसला?" हे म्हणाले.

"दिसला," मी म्हणाले. मला खरोखर दिसला होता.

पुढच्या थांब्यावर यांनी दार उघडलं आणि खुर्चीतून अवघडून उठले. "या पँटी आता घट्ट व्हायला लागल्या. नव्या घ्यायला हव्यात. तू तर आतलं कापड कापून टाकलंस."

"उभे राहा सरळ," मी म्हणाले. कमरेची शिवण उलटी करून दाखवली. कापड जसंच्या तसं आत दुमडलेलं होतं, चारही इंच. यांनी त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"मी कापायला सांगितलं होतं," हे म्हणाले.

"सांगितलं होतंत."

पडद्यावर बस दार उघडून उभी होती आणि म्हातारी माणसं चढत होती. हे पुन्हा बसले, सगळे जागेवर बसेपर्यंत थांबले आणि समोर बघतच म्हणाले, "अगं, पुढचं कार्ड घेशील ना, तेव्हा मोजताना दोन बोटं जास्त सोड."

मी टेप गळ्यात टाकली. "सोडेन," म्हणाले.

"धरून उभे राहा," हे म्हणाले आणि बस हलली.