ऐकलं, केलं, बगितलं

"गणू, पाय खाली घे."

सावळी फोनवर एवढंच बोलली, पण अशा आवाजात की खोलीतल्या चौघांच्याही माना तिच्याकडे वळल्या.

पलीकडे खांबाला शिडी लावून उभा असलेला गणू वायरमन म्हणाला, "काय झालं गो मावशे? मशीन तर बंद बोलतंय. खाली मदतीला हितेश हाय, त्याच्या मोबाइलवर हिरवं आलंय." हिरवं म्हणजे लाइन बंद, लाल म्हणजे चालू.

"तू बगितलंस?"

"मी कसा बगनार? तो स्विच पार शाई नदीच्या पल्याड, शहापूरच्या हद्दीत."

"वाळूनं बगितलं?"

"ते मला काय ठाव?"

"मग उतर खाली. सावलीत बसा दोघं. मी सांगल्याबिगर खांबाला हात लावायचा नाय."

फेब्रुवारीची सकाळ होती, अकरा वाजून गेले होते. टोकावड्याच्या पुढे रस्त्यापासून थोडं आत हे विजेचं उपकेंद्र. एक खोली, एक टेबल, एक फोन आणि मागे तारेच्या कुंपणात गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर. सव्वीस वर्षांपूर्वी सावळी या खोलीत झाडू घेऊन आली होती. तिचा बाप जैतू लाइनीवर कामाला होता. तो नोकरीत असतानाच तापानं गेला, म्हणून त्याच्या जागी तिला घेतलं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली सातवी पास बाई. झाडता झाडता ऐकत गेली, ऐकता ऐकता शिकत गेली, परीक्षा दिली आणि ऑपरेटरच्या खुर्चीवर बसली. तिच्या पाळीत आजवर एकही माणूस लाइनीवरून खाली पडला नव्हता. ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नसे, पण वायरमन लोकांच्या घरी त्यांच्या बायका एकमेकींना सांगत.

आज त्या खोलीत पाहुणे होते. उपअभियंता हरेश साहेब होते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन माणसं होती. आणि मुंबईहून आलेली हेतल मॅडम होती, तिशीही न गाठलेली. मुरबाडच्या बाजूला एका कंपनीची, लाइन आपोआप चालू-बंद करणारी पेटी बसवलेली, शहापूरच्या बाजूला दुसऱ्या कंपनीची. दोन्ही पेट्या हुशार. पण एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. देशभर अशा शेकडो कंपन्यांच्या पेट्या बसणार, त्या सगळ्यांनी एकमेकींशी एकाच रीतीनं बोलावं म्हणून नियम लिहायचं काम चाललं होतं. हेतल त्या लिहिणाऱ्यांपैकी एक होती. नियम कागदावर तयार होता, आज तो रानात चालतो का ते बघायचं होतं. दोन तालुक्यांमधली ही लाइन दोन्ही टोकांनी पेट्यांनीच बंद करायची, मग गणूनं वर चढून तारेचा झिजलेला तुकडा बदलायचा, आणि पेट्यांनीच ती परत चालू करायची.

ते जमलं तर इथं माणूस बसवायची गरज उरणार नव्हती. सावळीची नोकरी जाणार नव्हती, पण खुर्ची जाणार होती. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना मुरबाडच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीत बसावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

म्हणूनच हरेश साहेब जे बोलले, ते लागलं.

"सावळीबाई, आज संध्याकाळी रिपोर्ट वर जायचाय. स्क्रीन बघा, दोन्हीकडे हिरवं आहे. खुर्ची जाणार म्हणून खोडा घालताय का तुम्ही?"

कंपनीचा एक माणूस हसला. हेतलनं मान खाली घातली.

सावळीचा चेहरा कढईसारखा तापला. क्षणभर तिला वाटलं, आपण खरंच त्यासाठी तर बोलत नाही ना? तिनं स्वतःलाच विचारून पाहिलं. मग उठली आणि खुर्ची साहेबांकडे सरकवली.

"ही घ्या खुर्ची, साहेब. आत्ता बसा. पन गणू चढनार नाय."

"अहो, तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवायला चढण्याआधी तो अर्थिंगचा रॉड टाकणारच ना?"

"लाइन चालू असली आनि त्यानं रॉड टाकला, तर तिथंच होळी पेटंल त्याची. तुमालाबी ठाव हाय."

साहेबांना ठाऊक होतं.

तिनं उभ्यानंच फोन लावला. पलीकडच्या उपकेंद्रात वाळू नावाचा ऑपरेटर अठरा वर्षं तिच्यासारखाच बसलेला होता. सुरुवातीला हा वाळू म्हणजे डोक्याला ताप होता. काहीही सांगा, "हां" म्हणायचा. लाइन बंद कर, "हां". केलीस का, "हां". त्याचा 'हां' म्हणजे ऐकलं, की केलं, की नुसताच खोकला, काही कळायचं नाही. एकदा सावळीनं त्याला फोनवरच झाडला होता, आणि तिथून दोघांचे तीन शब्द ठरले. ऐकलं. केलं. बगितलं. तिसरा शब्द ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याच्याच तोंडून यायचा. तो आल्याशिवाय पलीकडची लाइन चालूच समजायची.

"वाळूदादा, तुजा स्विच कोनी बगितला?"

"कोन बगनार गो बाय? साहेबांनी सांगलंय, आज मशीन बगील. आमाला बोलायचीबी बंदी."

"तू जा."

"मी? अगो, खुर्ची सोडून? माझी वाट लावतील."

"माझी लागलीच हाय. तू जा."

वाळूनं खुर्ची मागे सरकवली, ती फोनवर वाजली. मग म्हणाला, "ऐकलं."

वीटभट्टीपलीकडचा तो स्विच, तीन तारांना तीन पाती असलेला, त्याच्या उपकेंद्रापासून दीड किलोमीटर. मोटरसायकलनं जाऊन यायला फार वेळ लागत नाही. पण वाट पाहणाऱ्यांना तो लागतो. हरेश साहेब तीनदा घड्याळ बघून बाहेर गेले. कंपनीचा माणूस म्हणाला, "मशीनवर भरवसा नाही, मोटरसायकलवर आहे." कोणी हसलं नाही. गणूचा फोन आला, "मावशे, बसून बसून मुंग्या चावल्या. चढू का?"

"चाव म्हनावं त्यांना."

सावळी खिडकीपाशी उभी होती. मशीनचं बरोबर निघालं तर काय, हा विचार तिला आला. मग उद्यापासून सगळे म्हणतील, बाई खुर्चीला चिकटली होती. म्हणू देत. गणूच्या घरी दोन पोरी होत्या.

फोन वाजला. वाळूला धाप लागली होती.

"सावळे! मधलं पातं हललंच नाय गो! भट्टीची धूळ बसून चिकटलंय. बाजूची दोन उघडलीत, दांडा फिरलाय, पन मधलं तसंच! गणू कुठं हाय?"

"खाली हाय."

"देवा!" वाळू म्हणाला, आणि मग आठवून म्हणाला, "बगितलं गो. माझ्या डोळ्यांनी बगितलं."

फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकलं. स्क्रीनवर अजून हिरवंच होतं. हरेश साहेब त्या हिरव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सरकवलेली खुर्ची उचलली, टेबलामागे जागेवर ठेवली, आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी रिपोर्ट गेला नाही. कंपन्यांच्या माणसांत जुंपली. एक म्हणे, आमच्या पेटीनं 'हुकूम मिळाला' एवढंच कळवलं होतं. दुसरा म्हणे, आमच्या पेटीत त्याचा अर्थ 'काम झालं' असा आहे. कोणीच खोटं बोलत नव्हतं. दोघांच्याही 'हां'चे अर्थ वेगळे होते.

हेतल मात्र वही घेऊन सावळीजवळ बसली.

"मावशी, मला सगळं सांगा. पहिल्यापासून. तुम्ही काय विचारता, ते काय सांगतात."

"त्यात काय सांगायचं? शेतावरच्या गड्याला सांगतो तसंच."

"तरी सांगा. मध्येच फोन तुटला तर?"

"तर काहीच झालं नाय असं धरायचं. लाइन चालू. परत पहिल्यापासून."

"दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर?"

"जो घाबरवील त्याचं खरं धरायचं."

हेतलनं ते लिहिलं आणि हसली. "हे असंच्या असं नियमात घालता येणार नाही."

"मग तुमच्या भाषेत घाला. पन घाला."

"किती वेळ वाट बघता तुम्ही? 'बगितलं' येईपर्यंत?"

"येईपर्यंत."

"मशीनला आकडा द्यावा लागतो, मावशी."

सावळीनं विचार केला. "मग आकडा संपला की मशीननं काय करायचं तेबी लिवा. आमी पुढं जात नाय. तिनंबी जायचं नाय."

संध्याकाळपर्यंत वहीची अकरा पानं भरली. पोरगी हट्टी होती, पण ऐकणारी होती. सावळीला ती आवडली. एवढं शिकलेलं माणूस आपला शब्द खाली बसून लिहून घेतं, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. आणि आपणच सांगितलेल्या शब्दांनी आपली खुर्ची जाणार, हेही तिला दिसत होतं. तरी तिनं एक गोष्ट मागे ठेवली नाही. पावसाळ्यात कुठलं पातं आधी अडकतं, भट्ट्या पेटल्यावर कुठलं, तेसुद्धा सांगितलं.

दोन महिने हेतल कंपन्यांशी भांडली. एप्रिलच्या शेवटी ती परत आली तेव्हा शहापूरच्या स्विचच्या प्रत्येक पात्याला आपलं आपलं वेगळं बटण बसवलेलं होतं. पातं खरोखर सुटलं तरच ते दाबलं जायचं. आणि नियमात तीन वेगळे निरोप होते, कोणाचीही पेटी असो. हुकूम मिळाला. काम केलं. काम झालेलं दिसलं. तिसरा आल्याशिवाय हिरवं लागणार नाही.

"एक अट आहे, मावशी," हेतल चाचरत म्हणाली. "चाचणीत माणसानं मध्ये बोलायचं नाही. एकदाही."

"बरं," सावळी म्हणाली.

या वेळी हरेश साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर पहिला निरोप आला. मग दुसरा. तिसरा येईना. दिवा लालच होता. सावळीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

वाळूचाच असणार. त्याला राहवलं नसणार. फोन वाजत राहिला. सगळे सावळीकडे बघत होते. त्या खुर्चीवर बसल्यापासून तिनं त्या फोनची तिसरी घंटा कधी ऐकली नव्हती. आज तिसरी झाली, सहावी झाली, नववी झाली. तिचे हात मांडीखालून निघाले नाहीत. फोन थांबला.

आणि तिसरा निरोप आला. हिरवं लागलं.

गणू रॉड टाकून वर चढला, तुकडा बदलला, खाली उतरला. पेट्यांनी आपसांत बोलून लाइन चालू केली. पलीकडच्या वाडीत कुठंतरी पिठाची गिरणी परत घरघरू लागली. कंपन्यांच्या माणसांनी हात मिळवले. साहेब सावळीला काहीतरी म्हणणार होते, पण नुसतेच "चहा सांगतो," म्हणाले आणि गेले. हेतल त्यांच्या मागोमाग गेली.

खोली रिकामी झाल्यावर सावळीनं फोन उचलला.

"वाळूदादा, राग मानू नको. अट होती."

"ठाव हाय गो. मीच येडा. हात राहिला नाय." तो थांबला. "झालं ना सगळं नीट?"

"झालं."

"मग आता काय, बाय? बोलायचं कामच सरलं."

त्या फोनवर लाइनीच्या कामाबाहेरचं एक अक्षर बोलायचं नाही, कारण कोणाचा तरी जीव वर असतो, असं दोघांनी अठरा वर्षं पाळलं होतं. समोरासमोर दोघं कधी आले नव्हते. आता वर कोणी नव्हतं. लाइन चालू होती आणि तिची ती चालली होती.

"सावळे," पलीकडून वाळू जरा संकोचून म्हणाला, "तुजं गाव कुठचं गो?"

तिनं खुर्ची पुढं ओढली, नीट बसली आणि सांगायला लागली.