काठावरची नाळ

बाळ दोन किलोही भरलं नाही. सिस्टरनं ते पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून पुढे केलं. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाळाला लगेच अंगावर घ्यायला हवं होतं, पण तिचे हात पुढे येईनात.

"नको, सिस्टर. माझ्याजवळ राहूनच ते असं वाळलंय."

सासू उशाशी उभी होती. "सांगत होते, शिवणकाम बंद कर. दिवसभर पायमशीनची खडखड. पोटातल्या जिवाला झोप तरी लागली असेल?"

"त्या खडखडीत तुम्हाला झोप लागायची का, मावशी?" सिस्टरनं विचारलं.

"मला लागायची."

"मग त्यालाही लागली असेल." सिस्टरनं बाळ सासूच्या हातात दिलं, बाळामागून पडलेली वार धुऊन ट्रेमध्ये पसरली आणि टेप लावली.

टेप दिसताच भिंतीकडे फिरलेली शिवणवालीची मान वळली. "काय मापताय?"

"वार. बाळ हिच्यातूनच जेवत होतं. बघतेस?"

ट्रे जवळ आला. एका अंगानं लालकाळी, फुगीर तुकडे जोडून केल्यासारखी. सिस्टरनं ती उलटली, तर दुसरं अंग चकचकीत, निळसर. नाळेपासून शिरा फुटलेल्या, झाडाला फांद्या फुटाव्यात तशा.

"बहुतेकींची वीस-बावीस सेंटिमीटर रुंद असते, ताटलीएवढी. वजन अर्धा किलो. तुझी सोळा, आणि सव्वातीनशे ग्रॅमही नाही."

शिवणवाली कोपरावर उठली. तिनं बोट न लावता दाखवलं. "ही नाळ अशी कडेला का? झबल्याचा गळा खांद्यावर बसवल्यासारखी."

"बहुतेकदा मध्यावर असते. हिची जागा पहिल्या काही आठवड्यांतच ठरते. तेव्हा तुला दिवस गेलेत हे तुलाही धड ठाऊक नव्हतं. मशीनचा काय दोष?"

तिनं पुन्हा एकदा टेपवरचं माप पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे कापडच कमी होतं."

"कमी होतं. आणि तेवढ्या कापडात बाळानं काय काय बेतलंय, बघ."

सासूनं फडकं उलगडलं. इवल्या बोटांवर इवली नखं, एकही कमी नाही. तिनं नुसतं बाळ सुनेपुढे धरलं.

या वेळी तिचे हात पुढे आले. बाळानं दोनदा तोंड चुकवलं, तिसऱ्यांदा पकडलं, ते सोडेचना.

"मान जरा वर धर," सासू म्हणाली. मग वाकून बघत, "हावरटच आहे गं."

"आपल्या घरावर गेलंय, आई."

आणि बाळ घोट घोट पीत राहिलं.